क्लच दाबा, बाकीचं कॉम्प्युटर बघेल?

हिमायतनगरहून किनवटकडे जाताना पुढे ट्रक आला, की आपण चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात येतो. घाईत क्लच सोडला की गाडी झटका देते. का? समजा, चौथ्यात इंजिन २,००० आरपीएमवर होतं. त्याच वेगाला तिसऱ्यात साधारण २,८०० लागतात. हा फरक क्लच आणि टायर सोसतात. मागची चाकं ओढणारी स्पोर्ट्स कार ओल्या रस्त्यावर अशा झटक्याने घसरूही शकते.

जुने एसटी ड्रायव्हर 'डबल क्लच' मारून हा फरक भरून काढायचे. रेसर चवड्याने ब्रेक दाबतात आणि त्याच पायाच्या टाचेने रेस देतात. निसान ३७०झेडच्या २००९ मॉडेलमध्ये हे काम सॉफ्टवेअरकडे आलं. क्लच, गिअर आणि वेगाचे सेन्सर वाचायचे आणि आरपीएम जुळवायचा. हेच रेव्ह मॅचिंग.

आपल्याकडे ह्युंदाईने २०२१ मध्ये आय-ट्वेंटी एन लाइनमधून क्लचचं पेडलच काढलं आणि आयएमटी दिला. २०२३ मध्ये त्याजागी पेडलवाला मॅन्युअल परत आला. माझ्या मते, मॅन्युअल घेणाऱ्याला मदत हवी असते, पण गाडी स्वतः चालवल्याचा फील सोडायचा नसतो.

एक मात्र लक्षात ठेवा. वेगात असताना चुकून पाचव्यातून दुसऱ्यात टाकला, तर चाकंच इंजिनाला मर्यादेबाहेर फिरवतात. रेव्ह लिमिटर फक्त इंधन तोडतो, तिथे त्याचं काही चालत नाही. त्यामुळे फीचर असो वा नसो, आधी वेग कमी करा, मगच गिअर खाली टाका.