पूड कोणी उघडायची?

प्रथिनांच्या जेल इलेक्ट्रोफोरेसिसचे प्रात्यक्षिक बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तीन वर्षांत फार तर दोन-तीनदा येते. दोन काचांच्या फटीत जेल जमवायचे, वरच्या खाचांत प्रथिनांचे नमुने सोडायचे आणि वीज लावायची. लहान रेणू पुढे सरकतात, मोठे मागे राहतात, आणि जेल निळ्या रंगात बुडवले की पट्टे दिसू लागतात. उल्रिख लेम्ली यांनी १९७० साली ‘नेचर’मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर जवळजवळ तशीच वापरतात. तिच्यासोबत येणारा सुरक्षिततेचा मजकूरही सगळीकडे सारखाच असतो: हातमोजे घाला, फ्यूम हूडखाली काम करा, तोंडाने पिपेट ओढू नका. हा मजकूर मोठ्या शहरातल्या वातानुकूलित प्रयोगशाळेसाठी लिहिलेला आहे. गडचिरोली-चंद्रपुरातल्या आरमोरी, कुरखेडा किंवा सिंदेवाहीच्या महाविद्यालयात तो जर्नलमध्ये उतरवून घेतला जातो आणि तिथेच राहतो. जिथे धूर ओढून घेणारे कपाटच नाही, तिथे त्याखाली काम करण्याची सूचना फक्त शाईपुरती उरते. म्हणून छोट्या गावातल्या प्रयोगशाळेची सुरक्षितता खरेदीच्या यादीपासून सुरू व्हावी, असे माझे म्हणणे आहे. कोणते रसायन वर्गात येऊच द्यायचे नाही हे आधी ठरवावे. हातमोज्यांचा विषय त्यानंतरचा.

यावर एक सोपा तोडगा सुचवला जातो: एवढा धोका असेल तर हे प्रात्यक्षिकच वगळा, चित्रफीत दाखवा, नाहीतर ॲगारोजवर डीएनए चालवून वेळ निभावून न्या. गडचिरोली-चंद्रपुरात तरी हा तोडगा मला मान्य नाही. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते हे दाखवले, आणि एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत असू शकते हे जगाला प्रथम कळले. त्यांचे उपकरण वेगळे होते, दवाखान्यातल्या चाचणीची पद्धतही वेगळी असते, पण तत्त्व तेच. या दोन जिल्ह्यांत सिकलसेल अनेकांच्या घरात आहे. ज्या मुलीच्या भावाच्या तपासणी अहवालावर ‘एएस’ (वाहक) किंवा ‘एसएस’ (रुग्ण) लिहून आले आहे, तिला प्रथिने विजेने कशी वेगळी होतात हे स्वतःच्या हाताने करून पाहता आले पाहिजे. शिवाय आरमोरीजवळ नमुन्यांची वाण नाही. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या कोसाच्या कोशातला धागा म्हणजे फायब्रोइन आणि त्याला चिकटवून ठेवणारा थर म्हणजे सेरिसिन, दोन्ही प्रथिनेच. कोसा उकळल्यावर पाण्यात उतरलेले सेरिसिन जेलवर चालवले तर पट्टे काहीसे पसरट येतील, पण तो पसरटपणा का आला यावरच तासभर शिकवता येईल.

तेव्हा प्रात्यक्षिक व्हावे. प्रश्न ॲक्रिलामाईडचा आहे. जमलेले जेल तुलनेने निरुपद्रवी असते. ते ज्यापासून जमते ते सुटे ॲक्रिलामाईड मात्र मज्जासंस्थेला घातक आहे, पाण्यात सहज विरघळते आणि कातडीतून आत जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याची गणना माणसात बहुधा कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली, तर २०१० साली युरोपीय संघाने त्याला अतिचिंतेच्या रसायनांच्या यादीत घातले. त्याचा त्रास आम्लासारखा लगेच चटका देत नाही. हाताची कातडी सोलवटते, तळवे घामेजतात, बोटांना मुंग्या येतात, चाल बिघडते. पूर्व विदर्भाला हे समजावून सांगावे लागू नये. लाखोळीची डाळ महिनोन्‌महिने खाऊन पाय लुळे पडलेली माणसे या भागाने पाहिली आहेत, आणि पोटात गेलेल्या एकाही घासाने त्या वेळी काही जाणवू दिले नव्हते. दोन्ही विषांचे रसायन वेगळे आहे, पण दोन्ही हळूहळू साचत जाऊन मज्जातंतूंवर उठतात आणि त्या दिवशी काही झाले नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

पुरावा हवा असेल तर तो प्रयोगशाळेबाहेर मिळतो. स्वीडनच्या दक्षिणेत हॅलंडसोस येथे रेल्वेचा बोगदा खोदताना पाण्याची गळती थांबवण्यासाठी ॲक्रिलामाईड असलेले मिश्रण खडकात भरले गेले. ते पूर्ण जमलेच नाही. १९९७ साली ओढ्यातले मासे मेले, ते पाणी प्यायलेल्या गाई लुळ्या पडल्या आणि बोगद्यातल्या कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. जपानमध्येही विहिरीजवळ असेच मिश्रण जमिनीत भरल्यावर एका कुटुंबातल्या पाच जणांना भ्रम आणि तोल जाण्याचा त्रास झाल्याची नोंद १९७५ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. दोन्ही ठिकाणी जमून घट्ट होईल असे गृहीत धरलेले रसायन न जमता राहिले. विद्यार्थ्यांच्या जेलचेही हेच असते. जेल जमवणाऱ्या रसायनांपैकी एपीएस जुने झालेले असते किंवा टेमेड कमी पडते, जेल अर्धवट जमते, आणि मग कुणीतरी ते बोटाने दाबून बघते.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की ॲक्रिलामाईड बटाट्याच्या वेफर्समध्येही असते, मग एवढा बाऊ कशाला? असते, हे खरे. आणि गंमत म्हणजे ते अन्नात असते हा शोधही हॅलंडसोसच्या कामगारांच्या तपासणीतून निघालेल्या धाग्यामुळेच लागला. तुलनेसाठी घेतलेल्या इतर माणसांच्या रक्तातही ते थोडे सापडले. ते कुठून आले याचा माग काढता काढता २००२ साली तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांकडे बोट गेले. पण मात्रा बघा. वेफर्समध्ये ते किलोमागे ढोबळमानाने एक मिलिग्रॅमच्या आसपास असते. प्रयोगशाळेतल्या ३० टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ते सुमारे ३०० मिलिग्रॅम असते, म्हणजे मनगटावर पडलेल्या एका थेंबात जवळपास १५ मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी वेफर्स १५ किलो खावे लागतील. थेंबातले सगळे कातडीतून आत जात नाही हे मान्य करूनही दोन्ही गोष्टी एका मापात बसत नाहीत.

द्रावणाहूनही वाईट म्हणजे पूड. एका वर्गाची गरज किती असते? चार-चार विद्यार्थ्यांचे पाच गट, प्रत्येकाचे १० मिलिलिटरचे १२ टक्के जेल, असे धरले तरी एकूण सहा ग्रॅम, म्हणजे ३० टक्के द्रावणाचे २० मिलिलिटर. त्यासाठी पुडीची मोठी बाटली मागवली जाते, वजनकाट्यापाशी उघडली जाते आणि डोक्यावर पंखा फिरत असतो. मे महिन्यात पंखा बंद करा असे सांगणाऱ्या शिक्षकाचे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकावे अशी अपेक्षा ठेवणेही अन्यायाचे आहे. हलकी पूड उडते, टेबलावर बसते, श्वासात जाते. यावर माझे म्हणणे एवढेच की पदवी महाविद्यालयाने ॲक्रिलामाईडची पूड विकत घेऊच नये. तयार द्रावण घ्यावे; १०० मिलिलिटरची एक बाटली वरच्या हिशेबाने पाच तुकड्यांना पुरते आणि फ्रिजमध्ये, अंधारात नीट राहते.

ते महाग पडते हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. प्रात्यक्षिकांसाठी महाविद्यालयाच्या हातात येणारे पैसे थोडे असतात आणि पूड ग्रॅममागे स्वस्त पडते. पण हा प्रश्न एकेका महाविद्यालयाने सोडवायचा नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले ते याच दोन जिल्ह्यांसाठी. फ्यूम हूड असलेल्या एकाच ठिकाणी, प्रशिक्षित माणसाने, सत्राच्या आरंभी द्रावण करावे आणि बाटल्या भरून महाविद्यालयांना पाठवाव्यात. पूड उघडण्याचे काम वर्षातून एक-दोनदा एका खोलीत होईल, आज ते ठिकठिकाणी होण्याची मुभा आहे. कारखान्यातून जमवून आलेली जेल या द्रावणापेक्षाही सुरक्षित, पण ती थंडाव्यात आणावी लागतात, त्यांची मुदत संपते आणि किंमत चढी असते. आरमोरीसाठी तो सल्ला देण्यात मला अर्थ वाटत नाही.

तयार द्रावण दिले तर विद्यार्थी काय शिकणार, असेही विचारले जाईल. जेलची टक्केवारी काढणे, थर ओतणे, कंगवा बसवणे, जमण्याची वाट पाहणे आणि का जमले नाही याचा शोध घेणे, हे सगळे त्याच्याच हाती राहते. पांढरी पूड तोलायला शिकवायचे तर ट्रिस आहे, मीठ आहे. विष तोलल्याने तोलणे अधिक चांगले येते असे नाही.

हवामानाकडे मॅन्युअल बघतच नाही. त्यातली प्रत्येक कृती २०-२५ अंशांची खोली गृहीत धरते. वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचे नाव उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत झळकते. पारा ४५ अंशांवर जातो. जेलचा रंग धुण्यासाठी वापरले जाणारे ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ४० अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते. म्हणजे पुण्याच्या खोलीत जे फक्त दाहक असते, ते आरमोरीच्या मे महिन्यात ज्वालाग्राही होऊन बसते. हेच आम्ल १६.६ अंशांखाली गोठते, आणि इथल्या जानेवारीच्या पहाटे बाटलीत खडा झालेला सापडतो. तो वितळवायला कुणी बर्नर पेटवला तर काय होईल ते सांगायला नको. कोमट पाण्यात बाटली उभी करावी, एवढी साधी सूचना जर्नलमध्ये सापडत नाही. उन्हाळ्यात जेलही झरझर जमते, गरम होते, विद्यार्थी घाईने ओततात आणि सांडतात. हे प्रात्यक्षिक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावे आणि उन्हाळी परीक्षेत ठेवू नये. याला एक पैसाही लागत नाही, अभ्यास मंडळाचा एक ठराव पुरतो.

मिथेनॉलचे प्रकरण इथे आणखी वेगळे आहे. रंगाच्या नेहमीच्या द्रावणात ते ४० टक्के असते. लिटरभर द्रावण केले की ४०० मिलिलिटर. शहरातले मॅन्युअल म्हणते, त्याऐवजी इथेनॉल वापरा. पण गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याची वाट धरावी लागते. म्हणून मिथेनॉलच येत राहते. दारू उघड मिळत नाही अशा जिल्ह्यात, साध्या कुलपाच्या कपाटात, दारूसारखाच वास असलेली बाटली ठेवणे म्हणजे काय, याचा विचार कुठल्याही आंतरराष्ट्रीय नियमावलीत असणार नाही. मुंबईत मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली ती मिथेनॉलनेच. याचे थोडेसे प्रमाणही डोळे घालवू शकते. दोन्ही अल्कोहोलांना फाटा देणारी पद्धत उपलब्ध आहे: जेल गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्यायचे आणि सौम्य आम्लातल्या पाण्यात विरघळवलेल्या कूमासी या निळ्या रंगात ठेवायचे. पट्टे दिसतात, आणि पार्श्वभूमीचा रंग काढायला साधे पाणी पुरते. तसेच नमुन्यातल्या प्रथिनांचे बंध तोडण्यासाठी मर्कॅप्टोइथेनॉलच्या जागी डीटीटी घ्यावे. मर्कॅप्टोइथेनॉलचा कुजका वास पूर्ण मजल्यावर पसरतो, आणि तो वास हे त्याचे सर्वांत किरकोळ दूषण आहे. विजेबद्दल एकच: शे-दीडशे व्होल्ट आणि खारट पाणी एकत्र असताना, गेलेली वीज परत येण्याआधी पॉवर पॅकचे बटण बंद झाले पाहिजे.

एवढे वगळूनही टाकाऊ माल उरतोच. उरलेले ॲक्रिलामाईडचे द्रावण बेसिनमध्ये ओतण्याची सवय मोडणे सर्वांत अवघड. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे ३० टक्के द्रावणाचा एक मिलिलिटर सहा लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडवतो. निसर्गात ते कालांतराने विघटित होते, पण महाविद्यालयाचा शोषखड्डा आणि बोअरवेल यांच्यात अंतर बेताचेच असते. उरलेल्या द्रावणात एपीएस आणि टेमेड घालून ते जमू द्यावे, घट्ट झालेला गोळा झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि वर्षातून एकदा सगळ्या महाविद्यालयांचे डबे एकत्र करून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे, म्हणजे नागपूरजवळच्या बुटीबोरीला, पाठवावेत. द्रावण वाटणारी गाडी परत येताना रिकामी यायचे कारण नाही.

आता प्रश्न प्रयोगशाळा परिचराचा. विद्यार्थी ॲक्रिलामाईडच्या जवळ तीन वर्षांत काही तास असतो, शिक्षक त्याहून थोडे अधिक. परिचर वीस-पंचवीस वर्षे असतो. पूड तोच तोलतो, सांडलेले तोच पुसतो, जेल चिकटलेल्या काचा तोच नखाने खरवडून धुतो. साचत जाणाऱ्या विषाचा हिशेब मांडायचा तर पहिले नाव त्याचे हवे, आणि सुरक्षिततेच्या सूचनांत ते कुठेच नसते, कारण त्या सूचना विद्यार्थ्याच्या जर्नलसाठी लिहिलेल्या असतात. नायट्राइलचे मोजे त्याच्या हाताच्या मापाने मागवावेत. ते घालून दाराची कडी आणि मोबाइल धरू नये हे त्याला एकदा करून दाखवावे. काचा खरवडण्याआधी भिजत घालाव्यात. परिचर बाई असेल आणि तिला दिवस गेले असतील, तर या कामावरून तिला न विचारता बाजूला ठेवावे असे मी म्हणणार नाही, पण धोका काय आहे हे तिला आधी कळलेच पाहिजे. आणि रसायनाचे नाव, त्याची लक्षणे आणि तातडीचा उपाय मराठीत लिहिलेला एक कागद फ्रिजच्या दारावर असावा. बोटांना मुंग्या येतात म्हणून तो परिचर उद्या उपजिल्हा रुग्णालयात गेला, तर डॉक्टर मधुमेह तपासतील, ब-१२ तपासतील. तो कशाला हात लावतो हे त्यांना सांगण्यासाठी त्याच्या खिशात त्या कागदाची एक प्रत लागेल.