नापास द्राक्षांना बेदाण्याचा आधार

निर्यातीच्या पेटीत न बसणारा माल म्हणजे फुकट गेलेला माल नव्हे. सांगली-तासगावकडे मणी लहान राहिला किंवा भाव पडला, की बागायतदार द्राक्षे रॅकवर टाकतो. डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवली की साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार. तो शीतगृहात ठेवायचा आणि भाव बघून सौद्यात काढायचा. व्यापाऱ्यापुढे घाई करावी लागत नाही, हाच खरा फायदा.

पण हिशेब चोख हवा. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो. द्राक्षे 20 रुपयांनी जात असतील, तर किलोभर बेदाण्यात 80 रुपयांचा माल गेला. मजुरी, औषध, शीतगृहाचे भाडे वेगळेच. शिवाय गोडी न भरलेला मणी बेदाण्यालाही चालत नाही.

खरी अडचण लहान शेतकऱ्याची. अर्ध्या एकरवाल्याने शेड कुठून उभारायची? रॅक नाही म्हणून तो पडेल त्या भावाला माल देतो. ग्रामपंचायत आणि सोसायटीने पुढाकार घेऊन दहा-वीस जणांत एक शेड उभी करावी. हंगाम तोंडावर आल्यावर धावपळ करून काय उपयोग?