केळं कधी पिकावं, हे ठरवणार कोण?

दर उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो. "केमिकलने पिकवलेली केळी खाऊ नका, देठ हिरवा आणि साल पिवळी असेल तर समजा विष आहे!" शेवटी हात जोडलेले चार इमोजी. हा मेसेज मला दरवर्षी किमान तीन ग्रुपवर येतो आणि दरवर्षी माझी चिडचिड होते. त्यात अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे खऱ्या अर्ध्याचंही वाटोळं होतं.

आधी खरं काय ते. कॅल्शियम कार्बाइड ही खरोखरच वाईट गोष्ट आहे. ओलावा लागला की त्यातून अ‍ॅसिटिलीन निघतो, तोच वेल्डिंगवाल्याकडचा गॅस. बाजारातल्या स्वस्त कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि ती पावडर हाताळणाऱ्या हमालाला आधी बाधते, तुम्हाआम्हाला नंतर. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांमध्ये त्यावर सरळ बंदी आहे. इथपर्यंत मेसेज बरोबर.

आता उरलेलं. अ‍ॅसिटिलीन केळं पिकवू शकतो, कारण तो इथिलीनची नक्कल करतो. आणि इथिलीन हे केळ्याचं स्वतःचंच हार्मोन आहे! घरातल्या डझनातलं एक केळं पिकलं की बाकीची दोन दिवसांत रांगेत उभी राहतात, ती याच गॅसमुळे. आजी आंब्याची आढी घालायची तेव्हा पेंढ्यात हाच गॅस कोंडला जायचा. जुन्या वखारींमध्ये धूर करून केळी पिकवत, त्या धुरातही इथिलीन असायचा. २०१६ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने फळं पिकवायला इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरायची परवानगी दिली, ती उगाच नाही. रायपनिंग चेंबरमध्ये १६-१८ अंशांना इथिलीन देऊन पिकवलेलं केळं आणि कार्बाइडच्या पुडीवर पिकवलेलं केळं हे दोन्ही "केमिकल" म्हणून एकाच पोत्यात घातलं, की नियम पाळणाऱ्या वखारवाल्याला पाळण्याचा फायदाच उरत नाही. माझा राग आहे तो इथे.

आणि तो हिरवा देठ? कॅव्हेंडिश गटातल्या केळ्यांचा (आपली जळगावची ग्रँड नैन त्यातलीच) एक विचित्र स्वभाव आहे. साधारण २४ अंशांच्या वर ती पिकली तर आतला गर मऊ आणि गोड होतो, पण सालीतलं हरितद्रव्य नीट मोडत नाही. म्हणजे हिरवट राहिलेलं केळं हे विषाचं नव्हे, उकाड्याचं लक्षण असू शकतं. मे महिन्यात जिथे पारा ४५ ला टेकतो, तिथे सालीच्या रंगावरून कुणाला विषारी ठरवणं म्हणजे कमालच आहे.

बरं, आता माझ्या आवडीचा भाग. प्रोग्रामिंग करणाऱ्याला केळ्याची पिकण्याची यंत्रणा वाचताना हसू आल्याशिवाय राहत नाही. मिथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापासून सुरुवात होते. एसीसी सिंथेस नावाचं एन्झाइम एसीसी हा पदार्थ बनवतं आणि एसीसी ऑक्सिडेस त्याचं इथिलीन करतं. कच्च्या फळात थोडासा इथिलीन तयार होतो, पण तो स्वतःचीच निर्मिती दाबून ठेवतो. फळ तयार झालं की उलटं होतं, इथिलीन जास्त इथिलीन बनवायला लावतो. म्हणजे बाहेर पडायची अट नसलेला लूप! मग काही दिवसांत कच्च्या गरातलं सुमारे २० टक्के स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतं आणि बाकीची साखर होते.

त्यातही केळं जरा जास्तच सावध आहे. टोमॅटोत हा लूप मॅड्स घराण्यातल्या जनुकाभोवती फिरतो, पीचमध्ये नॅक घराण्यातल्या. २०१८ साली एका तुलनात्मक अभ्यासात दिसलं की केळ्यात एकमेकांत गुंतलेले दोन लूप आहेत. केळीच्या जीनोममध्ये पूर्वी कधीतरी सगळ्या जनुकांच्या प्रती वाढल्या, त्यातल्या काही प्रतींना नवीन काम मिळालं. आमच्याकडे कॉपी-पेस्ट केलेला कोड कुणी डिलीट करत नाही आणि पाच वर्षांनी तोच सिस्टीम चालवत असतो, तसंच काहीसं :-)

हे सगळं कळायला २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केळीच्या जीनोमची मोठी मदत झाली. आणि एकदा कोड वाचता आला की कुणीतरी ओळ कमेंट आउट करणारच. इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दोन मॅड्स जनुकं दाबून केळ्यांचं पिकणं लांबवलं. गंमत म्हणजे बाहेरून इथिलीन दिल्यावर ती केळी पिकली. चीनमध्ये २०२१ मध्ये एसीसी ऑक्सिडेसचं एक जनुक क्रिस्परने संपादित करून केळी जास्त दिवस टिकवली. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. आपण खातो त्या कॅव्हेंडिशमध्ये प्रत्येक गुणसूत्र तीन-तीन प्रतींत असतं, तेव्हा तिन्ही ठिकाणी बदल करावा लागतो. आणि फळात बी नाही, त्यामुळे नेहमीसारखा संकर करून सुधारित जात काढणं जवळपास अशक्य. म्हणजे संपादन हा केळीच्या बाबतीत चैनीचा नव्हे, जवळजवळ एकमेव रस्ता आहे.

तेव्हा माझं मत असं की अशा केळ्याला "अनैसर्गिक" म्हणून विरोध करण्यात अर्थ नाही. तीन प्रतींचं, बिनबियांचं, प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने वाढवलेलं ग्रँड नैन तरी कुठे नैसर्गिक आहे? परक्या जनुकाशिवाय संपादित केलेल्या पिकांना भारताने २०२२ मध्ये नियमांतून मोठी सूट दिली आहे आणि २०२५ मध्ये संपादित भाताचे दोन वाण जाहीरही झाले. केळंही फार लांब नाही. मोहालीच्या संस्थेने २०२० मध्येच ग्रँड नैनमध्ये बीटा कॅरोटीन वाढवून दाखवलं आहे.

पण प्रश्न विचारायचाच असेल तर दुसरा विचारावा. रावेर-यावलच्या शेतकऱ्याचा घड तयार झाला की त्याच्याकडे वेळ नसतो. भाव पडला तरी कापावाच लागतो, आणि हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आठवडाभर उशिरा पिकणारं केळं आलं तर तो आठवडा कुणाच्या पदरात पडेल? घड झाडावर थांबू शकला तर शेतकऱ्याच्या. पण कापल्यानंतरच टिकत असेल, तर ज्याच्याकडे कोल्ड स्टोरेज आहे त्याच्या. दोन्ही वाण प्रयोगशाळेत "टिकाऊ" म्हणूनच पास होतील. वाणाची चाचणी घेताना घड झाडावर किती दिवस थांबतो हे मोजलं पाहिजे, आणि तो आकडा शेतकऱ्याला आधी कळला पाहिजे.

दुसरं म्हणजे पील. केळी बियांनी वाढत नाही, पण बुंध्याशी येणारी पिलं काढून लावता येतात, खोडवाही घेता येतो. टिश्यू कल्चरची रोपं दरवेळी विकत घेणारेही ही सोय हाताशी ठेवून असतात. संपादित वाणावर कुणाचा तरी हक्क असणार, तेव्हा त्याचं पील शेजाऱ्याला दिलं तर चालेल की नाही, हे रोप बांधावर यायच्या आधी मराठीत, एका पानावर लिहून मिळायला हवं. पुढच्या उन्हाळ्यात फॉरवर्ड करायचंच असेल तर ते पान करा.