मालकाचे दार कुठे आहे?

सदर : घामाचा हिशेब



पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आपल्या माणसांच्या तीन पिढ्या राबल्या. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे एमआयडीसी आली, आणि १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठलेली कितीतरी कुटुंबे इथेच स्थिरावली. आजोबांनी कंपनीच्या गेटवर हमाली केली, वडिलांनी आयटीआय करून चाकणला मशीन चालवली. आता नात इंजिनिअर झाली आहे. दापोडीच्या किंवा काळेवाडीच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर लावून ती परदेशातल्या कंपनीचे काम करते. त्या कंपनीचे भारतात ऑफिस नाही, पाटी नाही, वॉचमनसुद्धा नाही. पगार मात्र दरमहा बँकेत जमा होतो.

घरात आनंद होतो, आणि तो झालाच पाहिजे. पण पेढे वाटून झाले की आईवडिलांनी शांतपणे एक प्रश्न विचारावा : बाळ, तुझ्या मालकाचे दार कुठे आहे? उद्या पगार थकला, आजारपण आले, बाळंतपण आले, तर कोणाच्या दारात उभे राहायचे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ठेकेदारी आपण जवळून पाहिली आहे. पगाराच्या चिठ्ठीवर नाव ठेकेदाराचे आणि काम मोठ्या कंपनीचे, असे चाकणच्या शेडमध्ये आजही चालते. तरी तिथे एक आधार असतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते, आणि ती कंपनी गेटच्या आत समोरच उभी असते. परदेशी कंपनीच्या घरबसल्या नोकरीत हे गेटच नसते. आपल्या कामगार कार्यालयाची नोटीस हॅम्बुर्गला किंवा न्यूयॉर्कला पोचणे आणि तिचा परिणाम होणे फार अवघड. म्हणून या नोकरीत पगाराच्या आकड्याइतकेच कागदावरच्या मालकाचे नाव महत्त्वाचे आहे.

तथागतांनी राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश करताना मालकाची पाच कर्तव्ये सांगितली. कामगाराच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात सांभाळावे, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात मालक-सेवकाच्या नात्याला जागा दिली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या नेमणूकपत्राला लावून पाहावी. वेतन कोण देणार, आजारपणात कोण पाहणार, सुट्टी कोण देणार? तिन्ही ठिकाणी भारतातल्या एखाद्या मालकाचे नाव लिहिता आले तर नोकरी पक्की. नाही आले तर ती रोजंदारीच, फक्त रक्कम मोठी.

भारतात कंपनी न काढता इथला माणूस कामाला ठेवायचे परदेशी कंपनीपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग मध्यस्थ मालकाचा. भारतात नोंदलेली एखादी कंपनी आपल्या मुलीला स्वतःच्या पटावर घेते. इंग्रजी व्यवहारात तिला ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ म्हणतात, आपण तिला कागदावरचा मालक म्हणू. काम परदेशी कंपनी सांगते. नेमणूकपत्र, पगार, आयकराची कपात, भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर ही सारी जबाबदारी या भारतीय कंपनीची. परदेशी कंपनी तिला पगार, मालकाचा हिस्सा आणि वर सेवेचे पैसे देते. ही व्यवस्था कायदेशीर आहे. मात्र कापलेला पैसा खरोखर भरला गेला पाहिजे.

दुसरा मार्ग ‘कन्सल्टंट’चा. परदेशी कंपनी थेट खात्यात पैसे पाठवते आणि मुलीने दरमहा बिल द्यायचे. हातात रक्कम जास्त दिसते, कारण कपात काहीच नाही. पण कपात नाही म्हणजे निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही आणि बाळंतपणाची रजाही नाही. कराचा भारही तिच्यावरच. वर्षाचा कर १०,००० रुपयांपर्यंत किंवा त्याहून वर जाणार असेल तर तो साधारणपणे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार हप्त्यांत आगाऊ भरावा लागतो. चुकला तर व्याज. वर्षाची बिले २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आली. आणि कामाची वेळ कंपनीने ठरवायची, रजेला साहेबाची परवानगी घ्यायची, दुसरे काम करायचे नाही, असे सगळे असूनही नाव कन्सल्टंट असेल, तर ती नोकरीच आहे, फक्त हक्क काढून घेतलेली.

आता हिशेब करू. समजा, महिन्याची ठरलेली रक्कम १ लाख रुपये आणि त्यात मूळ वेतन ५०,००० रुपये. पूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के निधी कापला तर मुलीचे ६,००० आणि मालकाचे ६,००० मिळून १२,००० रुपये दरमहा बाजूला पडतात. वर्षाचे १ लाख ४४ हजार झाले, व्याज वेगळे. मुलगी पेन्शन योजनेची सदस्य असेल तर मालकाच्या हिश्शातला काही भाग त्या योजनेत जातो, आणि १० वर्षे सेवा भरली की वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो. ग्रॅच्युइटी दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाची, म्हणजे या उदाहरणात सुमारे २८,८०० रुपये. काही कंपन्या निधी पूर्ण मूळ वेतनावर न कापता कायद्याच्या किमान मर्यादेपुरताच कापतात, तेव्हा सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. कन्सल्टंटच्या कागदावर हातात आलेले जास्तीचे पैसे हे बहुतेक वेळा मुलीच्याच म्हातारपणातून उचललेले असतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या काही गोष्टी या नोकरीच्या कामाच्या आहेत. नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. मुदतीच्या करारावर घेतलेल्याला पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळते. भत्ते फुगवून मूळ वेतन कमी दाखवण्याच्या युक्तीलाही लगाम बसला आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. लेकीसुनांसाठी २०१७ पासूनची २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहेच. ती दहा किंवा अधिक माणसे असलेल्या मालकाकडे लागू होते. कागदावरचा मालक भारतात असण्याचा अर्थ इथे कळतो.

आता उलट बाजू पाहू. चाकणचा एखादा कारखाना आपल्या फिटरला किंवा इंजिनिअरला सहा-आठ महिन्यांसाठी जर्मनीला पाठवतो. फोक्सवॅगनचा चाकणचा प्रकल्प २००९ साली सुरू झाला, मर्सिडीजही त्याच सुमारास चाकणला आली, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग करणारे कारखाने वाढले. अशा छोट्या कारखान्याची जर्मनीत कंपनी नसते. मालकाचे दार चाकणला आणि कामगार परक्या मुलुखात. पगार चाकणहूनच चालतो. तो नियमात कसा बसवायचा?

त्यासाठी भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. सर्वसमावेशक करार २०११ साली झाला आणि १ मे २०१७ पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून मालकामार्फत ‘कव्हरेज प्रमाणपत्र’ घेतले की ४८ महिन्यांपर्यंत जर्मनीच्या पेन्शन विम्यात वर्गणी भरावी लागत नाही, निधी इथेच चालू राहतो. जर्मन पेन्शनची वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के आहे आणि त्यातली अर्धी कामगाराच्या खिशातून जाते. म्हणजे हा एक कागद दुहेरी कपात वाचवतो. बेल्जियम, फ्रान्स, जपान, दक्षिण कोरिया अशा देशांशीही आपले असे करार आहेत. पण जर्मनीच्या करारात आजारपणाचा विमा येत नाही. तो मालकाने वेगळा काढून द्यायचा, आणि त्याचा कागद विमानात बसण्यापूर्वी हातात हवा.

आयकराचेही समजून घ्यावे. मुक्काम १८३ दिवसांच्या आत असेल, पगार भारतीय मालक देत असेल आणि तो पगार तिथल्या एखाद्या कायम ठिकाणाच्या खर्चात पडत नसेल, तर दुहेरी करटाळणी करारानुसार त्या पगारावर जर्मनीत कर लागत नाही, इथे भरावा लागतो. म्हणून पासपोर्टवरचे शिक्के आणि दिवसांची नोंद जपून ठेवावी.

मजुरीचा दर मात्र त्या मातीचा. जर्मनीत काम करणाऱ्याला, त्याचा मालक परदेशातला असला तरी, तिथले किमान वेतन लागू होते. १ जानेवारी २०२६ पासून ते ताशी १३.९० युरो आहे. राहण्या-खाण्याचा खर्च भागवायला दिलेला भत्ता त्या दरात धरता येत नाही. ‘पगार चाकणचाच, वर जेवणाचे पैसे’ असे कोणी म्हणाले तर हा आकडा पुढे ठेवावा.

हे सारे तपासायला वकील लागत नाही. नेमणूकपत्रावर भारतातल्या कंपनीचे पूर्ण नाव आणि पत्ता आहे का पाहा. पहिल्या पगारानंतर यूएएन क्रमांक टाकून निधीचे पासबुक उघडा. चिठ्ठीवर कापलेली रक्कम पासबुकात जमा दिसली पाहिजे. आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर कर जमा झाला का, तेही दर तीन महिन्यांनी पाहा. दोन-तीन महिने जमा दिसली नाही तर लेखी विचारा आणि उत्तर नाही आले तर निधी कार्यालयात तक्रार करा. नोकरी बदलली तर निधी काढून मोडू नका, नव्या खात्यात वळवा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत अशी पासबुके एकदा उघडून पाहिली तर दहा घरांचा फायदा होईल. ज्या मुलाला हे जमते त्याने शेजारच्या काकांचेही पासबुक उघडून द्यावे. ठेकेदाराकडे राबणाऱ्या त्या काकांना त्याची जास्त गरज आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांची नेमणूक झाली ती त्याच काळात. त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा आला, आणि चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयाच्या रांगेत आपण उभे राहतो तो त्याच झाडाच्या सावलीत. आजारपण, म्हातारपण आणि बाळंतपण यांचा भार एकट्या कामगाराच्या डोक्यावर पडू नये, मालकाने आणि सरकारने त्यात वाटा उचलावा, हा त्यामागचा विचार. मालक सातासमुद्रापार गेला म्हणून तो वाटा माफ होत नाही. मुलीने नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी घरात एकदा ते मोठ्याने वाचून घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!