नदीकाठची शाळा कोणासाठी?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात नदीकाठी पर्यावरण शिक्षणाची आणि मोकळ्या हवेतील विरंगुळ्याची केंद्रे असावीत, या कल्पनेला आमचा विरोध नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच पर्यावरण हा विषय शाळांतून शिकविण्याचा आदेश दिला आणि तो विषय चार भिंतींत शिकवून भागत नाही, हेही खरे. गिरणगावातल्या वा धारावीतल्या मुलाने लेंडी नदीवरचा दाभोसाचा धबधबा पाहावा, यात कोणाचे काय बिघडते? विश्रांतीचा व निसर्गाचा हक्क श्रमिकांच्या मुलांनाही आहे, ही तर आपली जुनीच मागणी. परंतु अशा केंद्रात शहरी मुले शिकणार आणि ज्या पाड्याच्या जमिनीवर ते उभे राहणार तेथील माणसे भांडी घासणार, राखण करणार, असा व्यवहार असेल, तर त्याला शिक्षण म्हणण्याचे धाडस निदान आम्ही तरी करणार नाही.

वैतरणेचेच पाहा. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण 2014 साली उभे राहिले. मुंबईला दररोज 455 दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी ते बांधले गेले. त्याच तालुक्यातील पाड्यांवर मार्च उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते आणि बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. या नदीवर पर्यावरणाचा पहिला धडा द्यावयाचा, तर तो हाच द्यावा लागेल. पक्ष्यांची नावे मागाहून पाठ केली तरी चालतील.

याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालविली होती. आदिवासी मूल गुरे राखायला जाते म्हणून शाळेत येत नाही, हे ओळखून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तेथे गवत, दगड, पाने हीच साधने होती. उघड्यावरचे शिक्षण म्हणजे काय, हे शिकण्यासाठी परदेशी पुस्तके उघडण्याची आवश्यकता नाही. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी या समाजांतील माणूस वरकस जमिनीवर नागली-वरई पिकवतो. कोणता कंद केव्हा खणावा आणि कोणता कडू कंद कसा उकळून खावा, हे त्याला ठाऊक असते. त्याला शिक्षकाचे मानधन मिळाले पाहिजे. सध्या मिळते ती फार तर वाटाड्याची बक्षिशी.

आणि त्याच्या मुलांचे काय? 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राची मान खाली गेली. दिवाळीनंतर कुटुंबे आजही वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. नदीकाठच्या केंद्राने त्या महिन्यांत गावी मागे राहिलेल्या मुलांना निवारा, जेवण आणि धडे दिले, तर त्याचे आम्ही मनापासून स्वागत करू.

जागेचा प्रश्न मात्र सौजन्याचा नाही. 1996 चा पेसा कायदा येथे लागू आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेकडे सोपविले आहे. केंद्र काढणारी संस्था कितीही सद्हेतूची असो, तिने आधी ग्रामसभेपुढे आले पाहिजे. आपल्या कार्यकर्त्यांनी त्या सभेत तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पाड्याचे पाणवठे आणि नदीवर जाण्याची वाट अडविली जाणार नाही, आश्रमशाळेच्या मुलांना विनाशुल्क प्रवेश राहील, आणि उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा ग्रामसभेच्या निधीत जमा होईल. सभेला बायांची उपस्थिती नसेल, तर ठराव त्या दिवशी होऊ देऊ नये; पाणी त्याच भरतात.