विश्लेषण : मुंबईतले जुने संगणक चारोटीच्या शाळेत चालतील का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ थांबवले. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१६-१७ मध्ये घेतलेले, आजही ठणठणीत असलेले संगणक कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. ते बिघडलेले नाहीत, फक्त अपात्र ठरले आहेत.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका सोडला की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळा लागतात. हे संगणक तिथे द्यावेत, ही कल्पना कोणालाही सुचेल. ती चांगलीच आहे, पण अर्धवट आहे.

यंत्र चालू कसे राहील?

हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी आणि लिनक्स मिंट किंवा लुबंटू टाकले, तर चार जीबी रॅमचा जुना संगणकही लिखाण, हिशेब आणि मराठी टायपिंग आरामात करतो. लिबरऑफिस मराठीत मिळते. रेंज नसेल तर ‘किविक्स’मधून मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. देणाऱ्याने मात्र जुना डेटा नीट पुसून द्यायला हवा. नुसते ‘डिलीट’ केलेले परत मिळवता येते.

वीज वारंवार जाते तिथे डेस्कटॉप दर वेळी धाडकन बंद पडतो. बॅटरी अर्धा तास जरी टिकत असेल, तरी जुना लॅपटॉप बरा. पावसाळ्यातली दमट हवा कोणत्याच यंत्राला सोडत नाही, त्यामुळे जूनमध्ये खोलीला कुलूप लावून ठेवण्यापेक्षा संगणक रोज चालू करणे चांगले.

खरी अडचण बंद पडल्यावर

शाळेला मिळालेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. मग ती निकामी झाली तरी निर्लेखनाची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय मुख्याध्यापकांना टाकता येत नाही. एखादी वर्गखोली मेलेल्या संगणकांनी अडते ती अशी. दुसरी वाट भंगारवाल्याकडे जाते. तिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या, तर धूर पाड्यावरच राहतो. जुन्या जाड मॉनिटरच्या काचेत तर शिसे असते. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ (१ एप्रिल २०२३ पासून लागू) नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया अपेक्षितात, पण तिथपर्यंत माल नेण्याचे भाडे कोण देणार?

ते देणाऱ्यानेच द्यावे. संगणक देतानाच्या पत्रात परत नेण्याची जबाबदारी लिहिलेली नसेल, तर ते दान नव्हे. कंपनीचा कचरा महामार्गाने उत्तरेला सरकला एवढेच. आणि दहा यंत्रे द्यायची असतील तर एकाच मॉडेलची द्यावीत. सहा चालवावीत, उरलेल्या चारांचे सुटे भाग त्यांना बसतात. दहा वेगवेगळ्या मॉडेलची असली, तर बऱ्याचदा एकाचा पॉवर सप्लायही दुसऱ्याला लागत नाही.