मन आजारी असेल तर औषधदान कुणी करायचं?



आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. मंदिरात आरोग्य शिबिर असलं की आपण हौसेने नाव नोंदवतो, डोळे तपासून घेतो, साखर तपासून घेतो. कुणाचा गुडघा बदलायचा असेल तर डॉक्टर कोणता चांगला, खर्च किती, सगळी माहिती महिला मंडळात मिळते. पण एखादी म्हणाली, "रात्र रात्र झोप नाही, उगाच रडू येतं, ह्यांच्याशी दोन वाक्यंसुद्धा धड होत नाहीत," की आपली उत्तरं ठरलेली. णमोकाराची माळ कर. कर्म आहे, भोगून संपव. घरोघरी मातीच्या चुली.

ही उत्तरं देणाऱ्यांची माया खोटी नसते. पण ती अपुरी आहेत, आणि धर्माचं नाव घेऊन एखादीला डॉक्टरकडे जाण्यापासून थांबवणं मला चुकीचं वाटतं.

कर्माचंच बघा. असातावेदनीय कर्माच्या उदयाने दुखणं येतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तरी ताप आला की गोळी घेतोच ना? कर्माचा उदय मानला म्हणून पुरुषार्थ सुटत नाही. मग शरीराला एक न्याय आणि मनाला दुसरा, असं का? तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत: नको ते वाट्याला येणं, हवं ते हिरावलं जाणं, वेदनेचा घोर, आणि पुढच्या भोगांची लालसा. आर्तध्यान म्हणजे नैराश्याचा आजार असं मी म्हणत नाही, दोन्ही वेगळे विषय आहेत. पण त्याच त्या दुःखात मन कसं फिरत राहतं, हे आपल्या आचार्यांना नीट ठाऊक होतं. आजाऱ्याची सेवा म्हणजे वैयावृत्य, आणि तिला त्यांनी अंतरंग तपात बसवलं.

आपल्या समाजात आणखी एक घोटाळा होतो. एखादी बाई जेवण कमी करते, नटणं सोडते, लग्नकार्याला जात नाही, गप्प राहते. आपण कौतुकाने म्हणतो, "किती वैराग्य आलंय!" वैराग्यात शांती असते. नैराश्यात दर्शनाला जाऊनही काही वाटत नाही, स्वाध्यायाचं पान पुढे सरकत नाही, आंघोळसुद्धा ओझं वाटते. असं दोन आठवड्यांहून जास्त, रोजच्या रोज चाललं असेल तर कौतुक करू नका, तिला डॉक्टरकडे घेऊन जा.

अशी माणसं थोडी नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते.

आता माझं सांगते. आई गेल्यानंतर वर्षभराने माझी झोप पहाटे तीनला मोडू लागली. ह्यांच्याशी बोलणं दूध, लाइटबिल आणि मुलाची फी यांपुरतं उरलं. आमच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-12 तपासायला सांगितलं. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं नेहमीचं, आणि या दोन्हींमुळे मन खचल्यासारखं होऊ शकतं. म्हणून ही तपासणी आधी करून घ्या. माझं बी-12 थोडं कमी निघालं, ते भरून आलं, पण मूळ दुखणं राहिलं. तेव्हा मी समुपदेशनाला सुरुवात केली.

तिथे काय होतं, असं बऱ्याच जणी विचारतात. पाऊण तास, एक खोली, समोर एक बाई. ती उपदेश करत नाही, कुणाचं चुकलं याचा निवाडाही देत नाही. प्रश्न विचारते आणि घरी करायला लहानसं काम देते. आपण बोललेलं घरच्यांना सांगत नाही. गोपनीयतेचा हा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही आहे.

हे पहिल्यांदा यायला तयार नव्हते. मी एकटीच जात राहिले. चौथ्या वेळी आले, दाराजवळच्या खुर्चीत बसले, आणि त्या दिवशी माझ्यापेक्षा तेच जास्त बोलले. आम्हाला दिलेलं पहिलं काम अगदी साधं होतं. "तुम्ही कधी ऐकतच नाही" असं न म्हणता "मी बोलताना तुम्ही मोबाइल बघता तेव्हा मला एकटं वाटतं" असं म्हणायचं. पहिल्यात आरोप आहे, दुसऱ्यात माझ्या बाजूने दिसणारं सत्य आहे. अनेकांत आपण पाठशाळेत शिकलो, स्वयंपाकघरात तो असा वापरायचा असतो. आमची भांडणं संपलेली नाहीत, पण आता ती त्याच दिवशी मिटतात.

कुणाकडे जायचं? मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. समुपदेशकाचं शिक्षण आणि अनुभव विचारायलाही लाजू नका. दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही तर दुसरीकडे जावं. बाहेर पडणं जमत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक 14416. ती चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

औषधं लागली तर आपले नियम डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणून गोळीचा पर्याय विचारा. रात्री काही घेत नसाल तर वेळ सूर्यास्ताआधी बसवता येईल का ते विचारा. नैराश्याची औषधं लागू पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका. आणि दशलक्षणाच्या उपवासांआधी नक्की विचारा. लिथियम चालू असताना अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं त्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. त्या वर्षी उपवासाऐवजी स्वाध्याय केला तर तप कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. घरात मारहाण असेल तर "दोघं मिळून समुपदेशनाला जा" हा सल्ला देऊ नका. तिथे आधी तिची सुरक्षितता. महिला हेल्पलाइन 181 आहे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. उत्तम क्षमा म्हणजे मार खात राहणं नव्हे, अभयदानही आपल्याच धर्मात आहे. आणि कुणी "आता जगून काय करायचं" म्हणाली तर तो बोलण्याचा भाग समजू नका. तिच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, तिच्यासमोरच फोन लावा.

माळ जरूर करा, सामायिक करा, मला त्यातून बळ मिळतंच. पण माळ आणि उपचार यांतलं एकच निवडायला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या पुढच्या आरोग्य शिबिरात डोळ्यांच्या टेबलाशेजारी एक टेबल मनाच्या डॉक्टरांचं असावं, असं मी महिला मंडळात मांडणार आहे. तुम्हीही तुमच्या गावी मांडा. पहिल्या वर्षी कुणी त्या खुर्चीत बसणार नाही कदाचित. मग आपणच जाऊन बसायचं.